भोवरेश्वराचा हुकूम

मी एक जुना मुखवटा आहे, पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा. हसू नका मित्रांनो, एके काळी मी देव होतो. आणि साधासुधा नाही, चांगला दुष्ट देव!

बेलापूरच्या खाडीकाठी, कोळीवाड्यात, एकोणीसशे सत्तावन्न साली माझा जन्म झाला. शाळेतल्या वामन मास्तरांनी एक अद्भुत नाटक रचलं होतं. त्यातले दोन दुष्ट देव पुराणातले नव्हते, मास्तरांनी स्वतःच्या डोक्यातून काढलेले होते. मी भोवरेश्वर. बटबटीत डोळे, बाहेर आलेले सुळे, कपाळावर लाल भोवरा. भूक लागली की मी होड्या गिळायचो, पण गिळण्याआधी तसं बजावायचो. दुसरा मधुवदन. गोरागोमटा, हसरा, मागाल ते देणारा. बदल्यात तो माणसाची काळजी तेवढी काढून घ्यायचा. मग आई लेकराला विसरायची आणि वर आनंदात असायची.

मधुवदनाचं काम रोहिदास करायचा. तो गावचा पंच, जिभेवर नुसता मध. माझं काम धर्माकडे. हा धर्मा एरवी इतका भिडस्त, की चार माणसांत त्याच्या तोंडून शब्द फुटायची मारामार. मला चढवलं की मात्र मांडव दणाणून सोडायचा.

दोघांत जास्त वाईट कोण, यावर गावात वाद झडत. बायका म्हणत, "भोवरेश्वर परवडला गो, तोंडावर तरी बोलतो." पोरं तर माझ्यावरच फिदा होती. मास्तर कपाळाला हात लावायचे. "अरे, तो माणसं खातो!" पण ऐकतंय कोण? मी आपला फुगून जायचो, खोटं कशाला सांगू!

नाटकाच्या तिसऱ्या वर्षीची गोष्ट. नारळी पौर्णिमेला दोन दिवस उरले होते. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या काठावर ओढून ठेवतात, आणि पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय कुणी पाण्यात होडी घालत नाही. दुपारी देवळापुढे नाटकाची तालीम चालली होती. एवढ्यात गंगू ऊर फुटेस्तोवर धावत आली. तिचा एकुलता एक लेक जयदेव कुणाला न सांगता सकाळी छोटी होडी घेऊन गेला होता. ती होडी काठच्या तिवरांच्या झाडीत पालथी सापडली होती, जयदेवचा पत्ता नव्हता. त्यात ओहोटी लागलेली. तासाभरात शोधला नाही, तर पाणी त्याला थेट समुद्रात ओढून नेणार होतं.

"होड्या काडा रं! माजा पोर आना!" गंगू ओरडली.

कुणी हललं नाही. "नारल दिल्याबिगर? सगल्या गावावर कोप होयाचा," कुणीतरी म्हणालं.

रोहिदास पुढे झाला. "गंगूबाय, खाडी आपली आय हाय. पोर पोहनारा हाय, येल तो. तू बस, घोटभर पानी पी." लोकांना हायसं वाटलं. गंगूसुद्धा हातात तांब्या घेऊन खाली बसली. मित्रांनो, हे तर नाटकातल्या मधुवदनाचंच चाललं होतं, आणि रोहिदासला मुखवटाही लागला नव्हता.

"आता गेलो तं गावंल," धर्मा पुटपुटला. कुणी मान वळवली नाही. तो पुन्हा म्हणाला. पुन्हा तेच. त्याच्या तळहाताचा घाम माझ्या गालाला लागत होता. मग त्याने मला तोंडावर चढवलं.

"मी भोवरेश्वर! मना भूक लागली! नारल नको मना, होड्या पायजेत! आताच्या आता पान्यात घाला, नाय तं त्या पोराला गिलतो, आन मंग घराघरातला एकेक!"

आत धर्मा आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तरी लोक होड्यांकडे असे पळाले म्हणता! चार होड्या पाण्यात पडल्या. रोहिदासही वल्हं घेऊन धावला. माणूस वाईट नव्हता तो. खाडीच्या मध्यावर, जाळी बांधायच्या एका खुंटाला जयदेव मिठी मारून होता. हात सुटायच्या बेतात होते.

गंगूने लेकाला पोटाशी धरलं आणि धर्माच्या पायावर डोकं ठेवलं. तिथेच सारं संपायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी धर्माच्या दारात रांग लागली. कुणाची बांधावरून भांडणं, कुणाच्या लेकीचं लग्न. "देवाला इचारा." धर्माने मला चढवलं आणि हुकूम सोडले. एका म्हाताऱ्याला नाक घासायला लावलं. मी आतून धर्माचं तोंड पाहत होतो. तो हसत होता.

पौर्णिमेच्या सकाळी तो मास्तरांच्या घरी आला आणि मला त्यांच्या हातात दिलं.

"मास्तर, हा तुमी ठेवा. जयदेवसाठी खोटा देव झालो, त्याचा मना काय वाटत नाय. पन काल तो म्हातारा थरथरला ना, तवा मना लय बरा वाटला."

तो ढसाढसा रडला. मास्तरांनी मला शाळेच्या कपाटात ठेवलं.

आता माझा रंग उडालाय, एक सुळा वाळवीने खाल्लाय. मित्रांनो, मला अधूनमधून ऊन दाखवा, तेलाचा हात फिरवा. खुशाल चढवा, नाटकं करा, लोकांना घाबरवा. दुष्ट देव व्हायला मोठी मजा येते, मी नाही म्हणत नाही. फक्त मला चढवण्याआधी एखाद्या मित्राला सांगून ठेवा, "खेळ संपल्यावर मी ऐकलं नाही, तरी हा मुखवटा माझ्या तोंडावरून ओढून काढ."