चार बोटं खाली

उजवा पाय पिकअपच्या पायरीवर ठेवून, दाराची दांडी धरून ताईने तिसऱ्यांदा अंग वर ओढून पाहिलं. गुडघ्याने पुन्हा दगा दिला. मुलगी मागून आधार द्यायला सरसावली, तसा ताईने तिचा हात झटकला आणि वर्कशॉपच्या दारातल्या बाकड्यावर जाऊन बसली.

"राहू दे," ती म्हणाली. "गाडी उंच झाली की मी बुटकी झाले, कोण जाणे."

मास्तर हसले. ताई त्यांची सख्खी थोरली बहीण. ती फिकट हिरवी, गोल बोनेटची पिकअप तिच्या नवऱ्याची. पंचेचाळीस वर्षांची गाडी, पण नवऱ्याने ती घरच्या माणसासारखी जपलेली. मागच्या हौद्यात रोपांच्या पिशव्या भरायच्या, नवऱ्याने गाडी चालवायची आणि ताईने शेजारी बसून कुठल्या बंगल्यात कुठली रोपं उतरवायची ते वाचून सांगायचं, असं तीस वर्षं चाललं. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला. रोपवाटिका मुलीने अंगावर घेतली, गाडीही तीच चालवू लागली. आईला घरात एकटीला करमत नाही म्हणून तिला बरोबर न्यायचं, तर आईला वरच चढता येईना. स्टूल ठेवून पाहिलं होतं. पण दर दारात स्टूल काढायचं, लावायचं, चार लोकांनी थांबून बघायचं, हे ताईला नको होतं.

"मामा, पुढून गाडी खाली बसवता येईल का?" भाचीने विचारलं. "चार बोटं जरी उतरली तरी आईचा पाय पोचेल."

येईल, मास्तर म्हणाले. न यायला काय झालं?

चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं. कोणाची गाडी एका अंगाला कलली, कोणाची खड्ड्यात आपटायला लागली, की लोक म्हणायचे, स्प्रिंगमास्तरांकडे न्या. त्यांना स्वतःचं नाव आहे हेच निम्म्या गिऱ्हाइकांना माहीत नव्हतं. गाडी खाली बसवायची रीत त्यांनी भाचीला समजावून सांगितली. स्प्रिंगला हात लावायचा नाही. ज्या लोखंडी खांद्यावर चाक बसतं, तो खांदाच बदलायचा. नव्या खांद्यावर चाकाची जागा वर सरकवलेली असते, त्यामुळे गाडी आपोआप खाली येते आणि स्प्रिंग आहे तशी राहते. मात्र एवढ्या जुन्या गाडीचे खांदे बाजारात मिळायचे नाहीत, घडवून घ्यावे लागतील. तीन आठवडे तरी धरून चाल.

भाचीचा चेहरा उतरला. हंगाम तोंडावर होता, तीन आठवडे गाडी उभी ठेवणं परवडणारं नव्हतं. ती जरा घुटमळली आणि मग फार जपून, मामांना लागू नये अशा बेताने म्हणाली, "तुमची पाठ पण हल्ली धरते, मामा. म्हणत असाल तर मी पुलापलीकडे नेते. त्यांच्याकडे नवीन मशिनं आहेत म्हणे."

पुलापलीकडे डावऱ्याचं गॅरेज होतं. डावऱ्या मास्तरांच्याच हाताखाली शिकलेला. बावीस वर्षांपूर्वी मास्तरांनी त्याला ज्या दिवशी हाकललं, तो दिवस जुन्या लोकांच्या अजून लक्षात होता. एका व्हॅनची स्प्रिंग खाली बसवायला डावऱ्याने ती गॅसच्या ज्योतीवर तापवली होती. तापवली की स्प्रिंग दहा मिनिटांत मऊ पडते, दबते, गाडी हवी तेवढी खाली येते. पण पोलादाला दिलेलं पाणी उतरतं, त्याची ताकद जाते. मग ती स्प्रिंग आज तुटेल की सहा महिन्यांनी, ते कोणीच सांगू शकत नाही. मास्तरांनी गिऱ्हाइकासमोर, बाकीच्या कारागिरांसमोर त्याला उभं केलं आणि म्हणाले, "गाडीत माणसं बसतात हे ज्याच्या डोक्यात नाही, त्याने माझ्या दारात उभं राहू नये." डावऱ्या मान खाली घालून गेला होता.

"त्याच्याकडे कशाला?" मास्तर म्हणाले. "परवा संध्याकाळी येऊन गाडी घेऊन जा."

शब्द तोंडातून गेला तेव्हाच त्यांना कळलं होतं. परवापर्यंत एकच रीत होण्यासारखी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्कशॉपचं दार आतून लावून घेतलं. उन्हाळ्याच्या दिवसांत त्यांनी दार कधी लावलं नव्हतं. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली, चाकं काढली, गॅसची बत्ती पेटवली. आपण चाळीस वर्षांचे जाणते आहोत, आपल्या हाताला अंदाज आहे, आपण बेतानेच तापवू, असं ते स्वतःला सांगत होते. डावऱ्याला अंदाज नव्हता, आपल्याला आहे. स्प्रिंगचा वरचा वेढा लालसर झाला, मग हळूच दबला, अगदी सांगितल्यासारखा. दोन्ही बाजू सारख्या उतरल्या. गार झाल्यावर वेढ्यावर निळाजांभळा पट्टा उमटला. मास्तरांनी पत्र्याच्या डब्यातून काळा रंग घेतला आणि ब्रशने दोन हात मारले. स्प्रिंगला रंग द्यायचाच असतो, गंज धरत नाही. तरी रंग देताना त्यांनी दोनदा दाराकडे बघितलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ताईने पायरीवर पाय ठेवला आणि एका दमात वर जाऊन बसली. वरून तिने भावाकडे असं बघितलं, की मास्तरांना खाली वाकून चाकाचे नट पुन्हा आवळावे लागले.

अठराव्या दिवशी सकाळी उतारावर एक खड्डा आला. फार मोठा नव्हता. डावी स्प्रिंग तुटली, चाक मडगार्डमध्ये अडकलं आणि गाडी जाऊन मोरीच्या कठड्याला भिडली. भाचीला खरचटलं. ताईचं मनगट मोडलं आणि खांद्याचं हाड.

मास्तर हॉस्पिटलात पोचले तेव्हा ताईला प्लास्टर घालून झालं होतं. भाचीचा थोरला भाऊ आला होता आणि बहिणीला फैलावर घेत होता. शंभरदा सांगितलं होतं जपून चालव, आईला घेऊन हिंडायची हौस कशाला, रस्त्यावर डोळे होते की फोनमध्ये. भाची भिंतीला टेकून उभी होती. एवढंच म्हणाली, की खड्डा दिसला नाही. तेच तिने दोन-तीनदा सांगितलं. मास्तरांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. डॉक्टर होते, नर्स होती, शेजारच्या खाटेवरचे लोक ऐकत होते. बाहेर गेल्यावर सांगू, असं त्यांनी मनाशी ठरवलं. बाहेर गेल्यावर घरी सांगू असं ठरवलं.

भाच्याने त्यांना चहा आणून दिला. ताईने डोळे उघडले, भावाला ओळखलं आणि धड असलेला हात त्यांच्या हातावर ठेवला.

"गाडी तुझ्या हाताखालून गेली होती म्हणून वाचलो," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणी केली असती तर आज दोघी नसतो."

मास्तरांनी चहा प्यायला. पुढे कित्येक दिवस त्यांना त्या चहाची चव आठवत राहिली. चांगला होता, साखर बेताची होती, आणि त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला होता.

मोडकी पिकअप ओढून नेली होती पुलापलीकडे, कारण तेच गॅरेज जवळचं. चार दिवसांनी मास्तर तिथे गेले. डावऱ्याला चष्मा लागला होता, कानांवरचे केस पांढरे झाले होते. त्याने हातातलं काम टाकलं, खुर्ची पुसून दिली. मग कारागिरांना काही ना काही निमित्त काढून बाहेर पाठवलं, आणि कपाटामागून एक पोतं काढून मास्तरांच्या पायाशी ठेवलं.

पोत्यात तुटलेली स्प्रिंग होती. तुटल्या जागेजवळचा रंग त्याने खरवडून बघितला होता. निळाजांभळा पट्टा तसाच होता.

"भाच्याला काय सांगितलंस?" मास्तरांनी विचारलं.

"जुनं लोखंड होतं, थकलं, म्हणालो."

"का?"

डावऱ्याने पोत्याचं तोंड बांधलं. "तुमचं नाव आहे, मास्तर. माझ्या तोंडून कशाला जायला पाहिजे? हे घेऊन जा. दुसरी अजून गाडीतच आहे, ती मी काढून वितळवायला टाकतो."

त्याच्या बोलण्यात कुठे टोमणा असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्यांनी तो शोधूनही बघितला. नव्हता. मास्तर पोतं उचलून निघाले. बसमध्ये त्यांनी ते मांडीवर घेतलं. शेजारच्या बाईने भाजी आहे का विचारलं, तर ते हो म्हणाले.

घरी त्यांनी पोतं खाटेखाली सरकवलं. बायकोने विचारलं, तर सामान आहे म्हणाले. ताईला बघायला ते एक दिवसाआड जात होते, आणि गेले की भाची दिसू नये असं त्यांना वाटायचं. ती दिसायचीच. रोपं आता भाड्याच्या टेम्पोने जायची आणि भाची टेम्पोवाल्याच्या शेजारी बसून जायची. स्टिअरिंगला तिने परत हात लावला नव्हता.

असे पंधरा दिवस झाले. एका दुपारी भाची वर्कशॉपमध्ये आली. उभ्या उभ्याच बोलली. गाडी भंगारात द्यायचं ठरलं होतं, उद्या माणूस येणार होता. दादा म्हणतो तेच बरोबर आहे, ती म्हणाली, बाबांची गाडी म्हणून हट्ट धरून बसले आणि आईचा हात मोडून घेतला. "माझ्या हाताला वळणच नाही, मामा. तुम्ही एवढं चांगलं करून दिलंत, मला ते जपता आलं नाही. तुम्हाला सांगितल्याशिवाय द्यायला नको वाटलं, म्हणून आले."

मास्तर उठले. वर्कशॉपच्या मागेच घर होतं. ते आत गेले, खाटेखालचं पोतं ओढून बाहेर आणलं आणि स्प्रिंग टेबलावर तिच्यासमोर ठेवली.

"ही मी तापवली होती," ते म्हणाले. "तापवायची नसते. खड्ड्याने काही झालं नाही आणि तुझ्या हातानेही नाही."

भाची स्प्रिंगकडे बघत राहिली. तिला त्यातलं कळत नव्हतं, म्हणून तिने बोट त्या निळ्या पट्ट्यावर ठेवलं.

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"आणि हा काळा रंग?"

"मीच दिला. दिसू नये म्हणून."

मास्तर वाट बघत होते, की ती ओरडेल, काहीतरी फेकेल. तिने ओढणीने बोट पुसलं.

"हॉस्पिटलात दादा बोलत होता तेव्हा तुम्ही तिथेच होतात," ती म्हणाली. "आईला मी नाही सांगणार. तुम्ही सांगा."

संध्याकाळी मास्तर ताईच्या घरी गेले. भाचा तिथेच होता, ते एका परीने बरंच झालं. मास्तरांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. डावऱ्याला कशासाठी हाकललं होतं तेही सांगितलं, आणि डावऱ्याने काय झाकलं तेही. पाठीचं, हंगामाचं काहीच मधे आणलं नाही. येताना रस्त्यात ती सगळी कारणं त्यांच्या जिभेवर आली होती.

भाचा उठला आणि पाणी प्यायला म्हणून आत गेला. आत पाण्याचा आवाज आला नाही. बऱ्याच वेळाने तो बाहेर आला आणि बहिणीच्या शेजारी जाऊन बसला. तिच्याकडे त्याला बघवत नव्हतं.

ताई भावाकडे बघत होती.

"मी तुझं कौतुक करत होते," ती म्हणाली, "आणि तू चहा पीत होतास."

मास्तरांनी मान हलवली.

"जा आता. मी बोलावल्याशिवाय येऊ नकोस."

मास्तर गेले. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपचं दार उघडून बसले, तेव्हा एक ओळखीचा टेम्पोवाला मागची स्प्रिंग बसवून घ्यायला आला. त्यालाही त्यांनी सगळं सांगितलं आणि म्हणाले, आता बघ तुला गाडी द्यायची का. टेम्पोवाल्याने डोकं खाजवलं, उद्या येतो म्हणाला. आला नाही.

भंगारवाल्याला भाचीने परत पाठवल्याचं मास्तरांना बायकोकडून कळलं. गाडी पुलापलीकडेच होती. डावऱ्याने नवे खांदे घडवायला टाकले होते आणि तीन आठवडे लागतील म्हणून सांगितलं होतं. भाची म्हणाली होती, लागू देत. ताईचं प्लास्टर निघालं. ताईने मात्र बोलावणं पाठवलं नाही.

खांदे आले त्या सकाळी मास्तर आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून डावऱ्याच्या दारात जाऊन उभे राहिले. आत आले नाहीत. डावऱ्यानेच बघितलं आणि बाहेर आला.

"काही काम असेल तर दे," मास्तर म्हणाले. "पुसायचं, धुवायचं, काहीही."

डावऱ्याचे कारागीर माना वळवून बघत होते. त्यांना आता सगळं ठाऊक होतं, गॅरेजच्या सगळ्या लाईनला ठाऊक होतं. डावऱ्या मास्तरांना आत घेऊन गेला. पिकअप घोड्यांवर होती, एका बाजूला नवीन स्प्रिंगा मांडून ठेवल्या होत्या, त्यांच्याशेजारी नवे खांदे. जोडायच्या आधी प्रत्येकाचं माप घ्यायचं होतं. डावऱ्याने कपाटातून मापाची पट्टी काढली आणि सगळ्यांसमोर ती मास्तरांपुढे धरली.

"मास्तर, तुम्ही घ्या."

मास्तरांनी पट्टी घेतली नाही. टेबलावर एक वही होती, तिच्यात पेन्सिल खोचलेली. ती वही उचलून ते चाकाजवळच्या बुटक्या स्टुलावर बसले. खिशातून चष्मा काढून लावला.

"तू घे," ते म्हणाले. "मी लिहून घेतो."

डावऱ्या गुडघ्यावर बसला, पट्टी लावली आणि आकडा सांगितला. मास्तरांनी लिहिला. मग पेन्सिल तशीच कागदावर टेकवून म्हणाले, "परत एकदा बघतोस?"

डावऱ्याने पट्टी काढली, पुन्हा लावली. तोच आकडा आला. मास्तरांनी तो पहिल्या आकड्याखाली नीट लिहिला.