गिरकी घेणारी हवा आणि मामांचा ग्रीसचा डबा

मित्रांनो, मी एक जुनी टॉर्च आहे. टॉर्च म्हटल्याबरोबर अंधारात भूत शोधायला निघू नका. ती भूतवाली माझी लांबची चुलत बहीण. मी लोखंड कापते. वीज आणि हवा माझ्या तोंडातून एकत्र बाहेर पडली, की असा निळा-पांढरा झोत निघतो की जाड प्लेटसुद्धा मुकाट्याने दुभंगते. मी पहिल्यांदा पेटले तेव्हा सूर्य लाजून ढगाआड गेला होता. ढग आधीपासूनच होते असं काही जण म्हणतात, पण ते तेव्हा चहा पीत होते.

माझ्या तोंडात तीन जणांचं बिऱ्हाड आहे. आत वीज सोडणारा इलेक्ट्रोड, बाहेर झोताला वाट देणारी तांब्याची नोझल. इलेक्ट्रोडला खळगा पडतो, नोझलचं भोक झिजून वेडंवाकडं होतं, म्हणून ती दोघं सारखी बदलावी लागतात आणि सगळं कौतुक त्यांच्याच वाट्याला येतं. तिसरी एक लहानशी कडी. कारखान्यात तिला भिंगरी म्हणतात. तिच्या बारीक, तिरप्या भोकांतून जाताना हवा गिरकी घेते, आणि त्या गिरकीमुळे माझा झोत सरळ उभा राहतो. भिंगरी जळत नाही, म्हणून तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. घरात कधीच न कुरकुरणाऱ्या माणसाचं जे होतं, तेच तिचं.

मला चालवायची ती ताई. कारखाना ताईचा आणि तिच्या धाकट्या भावाचा. ती कापायची, धाकटा जोडायचा. ताईचा हात म्हणजे काय सांगू! एकदा तिने इतकी सरळ चीर कापली, की तिच्या कडेने निघालेली मुंगी वळायचंच विसरली. अजून चालतेच आहे म्हणतात.

मग एके दिवशी त्यांचे मामा राहायला आले. नोकरीतून मोकळे झालेले, पण हात काही स्वस्थ बसेनात. त्यांच्याकडे ग्रीसचा एक डबा होता. त्यांनी दाराच्या बिजागऱ्यांना ग्रीस लावलं, खिडकीच्या कड्यांना लावलं, शेजाऱ्यांच्या फाटकाला न विचारता लावलं. स्टुलाला लावलं तेव्हा मात्र धाकटा त्यावर बसला आणि थेट जमिनीवर आला. तेव्हापासून त्यांचं नाव ग्रीसमामा.

ग्रीसमामांचा माझ्यावर फार जीव. संध्याकाळी सगळे हात धुवायला गेले, की ते माझं तोंड उघडून भिंगरीमागच्या, हवा गळू न देणाऱ्या रबरी वळ्याला मायेने ग्रीस लावायचे. तिथे एक पुसटसा हात पुरतो. मामांचा हात पुसट नव्हता.

त्याच सुमारास मुलांच्या बागेसाठी गोल फिरणारा पाळणा बनवायचं काम आलं. त्याचा तळ पाचरीसारख्या प्लेटा एकमेकींना भिडवून करायचा होता. कडा सरळ हव्यात. तिरक्या झाल्या तर मधे फट राहणार, आणि फटीत कुणाचं तरी चिमुकलं बोट जाणार. कुणाचं, ते आपापली बोटं बघून ओळखा.

आणि नेमकी तेव्हाच मी तिरकं कापू लागले. कड वरून एक, खालून दुसरी. खाली वितळलेल्या लोखंडाचे थेंब गोठून लोंबायचे. ताईने नोझल बदलली, इलेक्ट्रोड बदलला. तरी तेच. दोन्ही नवे, मग दोष कुणाचा? सगळ्यांची नजर हळूच ताईच्या हाताकडे गेली. मला खरं काय ते माहीत होतं, मित्रांनो, पण घशात ग्रीस असताना बोलणार कशी?

धाकटा म्हणाला, "ताई, उरलेल्या प्लेटा बाहेरून कापून आणू का? तू जरा आराम कर."

"आराम म्हणजे हात म्हणतोस ना?"

"मी कुठे हात म्हणालो?"

"तू नाही, तुझे डोळे म्हणाले."

त्यानंतर ताई उजवा हात कामाच्या कोटाच्या खिशात ठेवू लागली. चहाचा कपसुद्धा डाव्या हाताने उचलायची.

एका सकाळी मात्र तिने मला उचलून रुळावरच्या छोट्या गाडीत बसवलं. ही गाडी लांब पट्ट्या कापण्यासाठी होती. ती आपली आपण चालते, हात लावावा लागत नाही.

"काय करतेस?" धाकट्याने विचारलं.

"हात गेला असेल तर गेला. पण मला नक्की कळू दे."

गाडी चालली. मी कापलं. ताईने काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला. कड तितकीच तिरकी!

"धाकट्या," ताई म्हणाली, "या गाडीचाही हात थरथरतो का रे?"

धाकटा कान खाजवू लागला. ताईने मला गाडीतच अर्धं फिरवलं आणि पुन्हा कापलं. आता कड उलट्या बाजूला तिरकी झाली. म्हणजे माझ्याबरोबर तिरकेपणाही फिरला. दोष ना हाताचा, ना गाडीचा, माझ्याच तोंडात!

तिने मला उघडलं. नोझल बाजूला ठेवली, इलेक्ट्रोड ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी भिंगरीला खिडकीच्या उजेडात धरलं. काही भोकांतून उजेड आला. बाकीची ग्रीसने गच्च भरली होती. हवा एका बाजूने गिरकी घेणार, दुसऱ्या बाजूने अडखळणार. झोत सरळ राहील कसा?

सगळ्यांनी वळून पाहिलं. ग्रीसमामा डबा हातात घेऊन दारात उभे होते.

"म्हणजे... मी?"

ताईने भिंगरी त्यांच्यापुढे धरली.

"पोरी, तुझा हात बघून माझा जीव थाऱ्यावर नव्हता गं. म्हटलं, टॉर्च तुझ्या हातात हलकी चालावी. म्हणून मी उलट दुप्पट लावत होतो."

ताईने खिशातून हात काढला आणि मामांच्या खांद्यावर ठेवला. "मामा, ग्रीस चांगलंच आहे हो तुमचं. फक्त जिथे हवा धावते तिथे नको."

"स्टुलावरही नको," धाकटा म्हणाला, आणि मामा डोळे पुसतापुसता हसले.

भिंगरी स्वच्छ पुसली गेली, एकेक भोक मोकळं झालं. ताईने मला हातात घेतलं, गाडीत नाही. पुढच्या प्लेटा एकमेकींना अशा भिडल्या, की मामांनी कागदाचा कपटा घालून पाहिला. तो आत जाईना.

मित्रांनो, आता मामा रोज संध्याकाळी कोरडं फडकं घेऊन येतात आणि भिंगरी उजेडात धरून बघतात. बोटं शिवशिवतात त्यांची, मला दिसतं. तुमच्या घरातही न कुरकुरणारं कुणीतरी असेल, त्याला कधीतरी असं उजेडाकडे नेऊन बघा. आणि एखाद्याचा हात गेला असं म्हणण्याआधी मला एकदा अर्धं फिरवून पाहा, एवढीच विनंती.

पाळणा बागेत बसला आहे. त्याच्या मधल्या खांबाला ग्रीस लागतं, भरपूर लागतं. डबा घेऊन तिथे कोण जातं, ते सांगायला नको. जोरात फिरा. तो जरासुद्धा कुरकुरणार नाही.