वरचा अर्धा भाग

वयाच्या नवव्या वर्षापासून बाराव्या वर्षापर्यंत मी एकूण सदतीस वेळा बाळंत झाले. प्रत्येक वेळी आई आणि बाळ सुखरूप. बाळ दर वेळी तेच असायचं, प्लास्टिकचं, एक डोळा कायमचा उघडा अडकलेला.

माझी आई प्रसूती वॉर्डात सिस्टर होती आणि आठवड्यातून दोन दुपारी नर्सिंगच्या मुलींना शिकवायची. शिकवायला एक रबरी पुतळी होती. कमरेपासून मांड्यांपर्यंत, बस. मुली तिला अर्धीताई म्हणायच्या. अर्धीताईला डोकं नव्हतं, त्यामुळे तिला कधी भीती वाटली नाही, तहान लागली नाही आणि "अजून किती वेळ?" असं तिने कुणाला विचारलं नाही. एकदम गुणी पेशंट. आईचं म्हणणं, हिच्यावर शिकलेली मुलगी जन्मभर बायकांच्या कमरेखालीच बघत राहील. म्हणून उरलेल्या भागाच्या जागेवर माझी भरती झाली.

टेबलाच्या एका टोकाला अर्धीताई, दुसऱ्या टोकाला उशीला टेकून, पाय मुडपून मी, आणि दोघींवर मिळून एक चादर. लांबून बघितलं तर अख्खी बाई दिसायची, जरा बुटकी.

मला चार वाक्यं पाठ होती. "घसा कोरडा पडलाय." "मला घरी जायचंय." "बाळ हलत नाहीये." आणि सगळ्यात शेवटी, "मला जमणार नाही." ओरडणं मात्र माझं स्वतःचं. सुरुवात उंच, मधे थरथर आणि शेवटाला सायकलच्या चाकातली हवा जावी तसा फुस्स आवाज. आई म्हणायची, "जरा बेताने गं. खालच्या मजल्यावर डोळ्यांचं ऑपरेशन चाललंय."

शेवटी मार्क मी द्यायचे. "पेशंट मार्क देईल, मी फक्त सही करीन," हा आईचा नियम. वय वर्षं दहा आणि हातात मार्क! सत्ता डोक्यात गेली. न सांगता घाम पुसणारीला दहापैकी आठ. "रडायचं नाही हं" म्हणणारीला तीन.

त्यांतच एक होती, काटकुळी, अबोल. तिचे हात भर उन्हाळ्यात गार असायचे, म्हणून तिला सगळ्या फ्रीज म्हणायच्या. नाडी बघायला तिने माझं मनगट धरलं आणि मी पहिल्यांदाच खरी किंचाळले. सगळ्यांसमोर चार मार्क दिले. तिला परीक्षा पुन्हा द्यावी लागली, तीन महिने जास्तीचे गेले. जाताना ती माझ्याजवळ येऊन शांतपणे म्हणाली, "पुढच्या वेळी बघू." पुढची दोन वर्षं मी ती धमकी समजून अंधारात एकटी बाथरूमला गेले नाही.

सतरा वर्षांनी पुढची वेळ आली.

आई निवृत्त झाली होती, पण माझ्या बाळंतपणाला आत यायला तयार नव्हती. "मी आत आले की त्या सिस्टरला शिकवत बसेन. बाहेर बसते, आई म्हणून." नवरा आत आला, त्याने ट्रेमधली हत्यारं बघितली आणि खडूसारखा पांढरा पडला. त्यालाही बाहेर पाठवलं. आईने त्याला बाकावर आडवं करून पाय उंच ठेवले. तिच्या वाट्याला त्या दिवशी तो एकच पेशंट.

मी निर्धास्त होते. सदतीस वेळांचा अनुभव. सकाळी पहिली मोठी कळ आली तेव्हा तब्येतीत ओरडले, शेवटच्या फुस्ससकट.

पडद्यापलीकडे पावलं थांबली.

"ही हवा मी कुठेही ओळखीन," कुणीतरी म्हणालं आणि पडदा सरकला. फ्रीज. आता चांगली भरलेली, चष्मा लावलेली, वॉर्डाची मोठी सिस्टर.

"ताई, ते चार मार्क..."

"आधी नाव-पत्ता सांग. जुनी भांडणं नंतर."

दुपारी मात्र कळा बदलल्या. ही जात माझ्या पाठातली नव्हती. ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच येईना. डॉक्टर आले, चादरीखाली डोकावले, माझ्यातल्या अर्धीताईला "छान चाललंय" म्हणाले आणि गेले. नव्या नर्सने कागदावर लिहिलं, पेशंट शांत आहे.

मोठ्या सिस्टरने ते वाचलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ही शांत? अगं, या पोरीला मी ओळखते. ही गप्प बसली म्हणजे घाबरलीय."

तिने स्टूल ओढून माझ्या उशाशी ठेवलं, बसली आणि दोन्ही हात स्वतःच्या काखांत घालून माझ्याकडे बघत राहिली. मिनिटभराने हात काढले आणि माझा हात धरला. गरम पाण्याच्या पिशवीसारखे हात.

"तीन महिने जास्तीचे काढले ना, तेव्हाची सवय," ती म्हणाली. "आता बोल."

"बाळ हलत नाहीये."

हे वाक्य मी सदतीस वेळा म्हटलेलं. या वेळी अर्ध्यातच ओठ चिकटले.

ती "हलतंय गं" म्हणाली नाही. पोटावर यंत्र लावलं, जागा शोधत फिरवलं. काहीच नाही. पुन्हा फिरवलं. मग टपटप टपटप, कुणीतरी उशीर झाल्यासारखं धावत होतं. तिने आवाज मोठा केला आणि तसाच चालू ठेवला. "ऐकत राहा. मीही इथेच ऐकत बसते."

दोन कळांच्या मधे मी विचारलं, "अर्धीताई कुठे असते हल्ली?"

"माळ्यावर. नवीन आलीय ना, अख्खी. डोकं आहे, डोळे मिचकावते, बटण दाबलं की ओरडते."

"माझ्यासारखी?"

"तुझी सर नाही. आणि मार्क देत नाही, त्यामुळे पोरी बिनघोर असतात." तिने माझ्या कपाळावरचा घाम पुसला. न सांगता.

मग ती कळ आली. तिच्यानंतर मला उठून, चप्पल घालून घरी जायचं होतं.

"ताई, मला जमणार नाही."

या वाक्याला जी "जमेल गं" म्हणेल तिचे दोन मार्क जायचे. आई सांगायची, ती वाद घालायला बोलत नाहीये, जवळ जा. फ्रीजताई पुढे वाकली. चष्म्यात मला माझंच लालबुंद तोंड दिसलं.

"बरं," ती म्हणाली. "पुढची कळ येईपर्यंत नको जमू दे. तोवर पाणी पी."

असं दोन-दोन मिनिटं न जमवत मी चार वाजून दहा मिनिटांनी बाळंत झाले. मुलगी. दोन्ही डोळे मिटता येणारी.

आई आत आली. नातीला बघितलं, मला बघितलं, चादरीची घडी नीट केली आणि हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. खिसाही नव्हता, पेनही नव्हतं.

"सिस्टरला किती?"

टेबलाशी लिहीत असलेल्या फ्रीजताईचा हात थांबला.

"दहा," मी म्हटलं.

"आणि तेव्हाचे चार?" वर न बघता तिने विचारलं.

"ते तसेच राहू दे. हात खरंच गार होते."

"होतेच," ती म्हणाली आणि पुन्हा लिहू लागली.

पडद्यापलीकडे कुणीतरी कण्हलं. फ्रीजताई उठली, दोन्ही हात काखांत घातले आणि तिकडे गेली.