दर्शनाने पाहिलेले पेंग्विन

पेंग्विनचं वेड मूळचं दर्शनाचं, माझं नाही. ठाण्याच्या कोर्टात, नक्कल विभागात, आम्ही तीस वर्षं शेजारच्या टेबलांवर बसलो. तिच्या टेबलाच्या काचेखाली पेंग्विनचा फोटो असायचा. "नंदे, पिंजऱ्यातले नाही हं. समुद्रावर मोकळे फिरतात ते बघायचे, आपण दोघींनी," हे दर उन्हाळ्यात ठरलेलं. निवृत्तीनंतर केपटाऊनच्या ग्रुप टूरला एकदाची नावं घातली. डोंबिवलीच्या ऑफिसात कंपनीने सगळ्यांना निळ्या टोप्या वाटल्या, आणि बाईसाहेब टोपी घालूनच रिक्षात बसल्या.

त्याच आठवड्यात ती म्हणाली, डॉक्टर म्हणतात विसरण्याचा आजार सुरू झालाय. "माझ्या मुलाशिवाय, सर्वेशशिवाय कुणाला माहीत नाही. तू बोलू नकोस. सगळं विसरायच्या आत एकदा बघून येते."

मी बोलले. बावीस वर्षं सासूचं हगणंमुतणं काढलंय मी, आता परदेशात आणखी एका बाईच्या मागे धावायची मला हौस नव्हती. टूरवाल्या कल्पिताला फोन करून सगळं सांगून टाकलं. तिने डॉक्टरांचं पत्र मागितलं. डॉक्टर देईनात, तेव्हा सर्वेशने आईचं नाव काढून घेतलं आणि टूर पुढे ढकलली म्हणून तिला सांगितलं. केपटाऊनला तिच्या जागी माझ्या खोलीत शहाडची एक बाई आली. ती घोरायची.

पेंग्विन पाहिले. गाढवासारखे ओरडतात, आणि वास असा, की मासळी बाजार परवडला. हे दर्शनाला सांगायला हवं, असं तिथे तीनदा मनात आलं. मग तिचाच राग आला.

मी परत आल्यावर दर्शना दर गुरुवारी माझ्याकडे यायची. "बॅग भरू का गं?" मी म्हणायचे, "थांब, पुढच्या महिन्यात." परवा मी चहा करायला आत गेले आणि मोबाईल टीपॉयवर उघडाच राहिला. बाहेर आले, तर तो तिच्या हातात. फोटोत मी, मागे पेंग्विन.

"तू जाऊन आलीस? मला न घेता?"

आवाज अगदी स्वच्छ. ऑफिसात चूक सापडली, की असाच लागायचा. मी चहा टीपॉयवर ठेवला.

"अगं, आपण दोघी गेलेलो," मी म्हणाले. "विसरलीस?"

"मी?"

"ही बघ ना." एका फोटोत शहाडची बाई निळी टोपी घालून पाठमोरी उभी होती. तिच्यावर मी बोट ठेवलं. "तुझी टोपी आहे ना अजून?"

टोपी तिच्या पर्समध्येच होती. तिने ती काढली आणि फोटोशेजारी धरून ताडून पाहिली. अस्सल आणि नक्कल ताडून शिक्का मारण्यात तिचा जन्म गेला होता.

"जुळतंय," ती म्हणाली, आणि रडायलाच लागली. "एवढं बघितलं गं, आणि काहीच राहिलं नाही. कसे होते?"

"छान होते."

निघताना तिने माझे दोन्ही हात धरले. "तिथे मी तुला फार त्रास दिला असेन ना?"

"थोडासा," मी म्हणाले.