कानवाल्यांचे कान

"तुझा विश्वास बसायचा नाही," कानवाले म्हणाले, "पण मी मुंगीला लंगडताना ऐकलंय."

गिटारवालीने मान वर केली नाही. मांडीवरच्या गिटारची तिसरी तार ती चौथ्यांदा सुरात लावत होती.

"इथेच, याच खोलीत. अ‍ॅम्पमधून बारीक खरखर येत होती. सगळ्यांनी वायरी बदलून पाहिल्या. मी नुसते डोळे मिटले. म्हटलं, आत मुंगी आहे, आणि तिचा एक पाय दुखावलाय. सहापैकी पाचच पडताहेत. मागची फळी उघडली, तर—"

"काका," ती म्हणाली, "आपण अकराला सुरू केलं. आता पावणेतीन झालेत."

मुंगी फळीमागेच राहिली.

गल्लीत त्यांना कानवाले म्हणत, आणि हे नाव त्यांनी फारच मनावर घेतलं होतं. थंडीत ते आधी कान झाकत आणि मग उरलेल्या देहाचं बघत. त्यांचा स्टुडिओ म्हणजे राहत्या घराचा तळमजला: एक वाजवायची खोली, एक ऐकायची खोली, मध्ये जाड काच. बावीस वर्षं ते वाजवायच्या खोलीत गुडघ्यांवर बसून माइक सरकवत आले होते, आणि ऐकायच्या खोलीत बायको हेडफोन लावून बसत आली होती. ती काचेतून हात हलवायची. डावीकडे. मागे. बस. येणाऱ्याला वाटायचं, काकू माशा हाकलताहेत.

खरी गोष्ट अशी की कानवाल्यांना वरचे बारीक आवाज ऐकूच येत नसत. तरुणपणी ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमांत कर्ण्यांशेजारी उभं राहून मिळवलेलं ते बक्षीस होतं. हे तिघांना ठाऊक होतं: त्यांना, बायकोला आणि कानाच्या डॉक्टरांना. त्यांतले डॉक्टर आता हयात नव्हते.

मागच्या आठवड्यात एका मासिकात कानवाल्यांची मुलाखत आली. दोन पानं, वर फोटो. 'माइक कुठे ठेवायचा हे मला कुणी शिकवलं नाही, माझे कान सांगतात.' बायको सापडत होती ती एकाच वाक्यात: 'घरूनही चांगली साथ मिळाली.' तिने सगळं शांतपणे वाचलं, मासिकाची घडी घातली आणि म्हणाली, "मग आता कानांनाच विचारा."

आज आठवा दिवस. जेवायला वाढत होती, पण बोलत नव्हती आणि जिना उतरत नव्हती.

आणि नेमकी आजच ही गिटारवाली. बारा वर्षांपूर्वी या खोलीत झालेल्या एका अल्बमवरचा गिटारचा आवाज तिच्या डोक्यात बसला होता. स्वच्छ, गोल, काचेच्या गोटीसारखा. स्वतःच्या पहिल्या अल्बमला तिला तसाच हवा होता. चारपर्यंत जमलं तर आठही गाणी इथे. नाही तर पुलापलीकडचा नवा स्टुडिओ. तिथे ती जाणार म्हणजे कानवाल्यांना ऐकू येत नाही ही बातमीही पूल ओलांडणार.

घरघराट करून वाजवणाऱ्यांचं बरं असतं. त्यांच्या अ‍ॅम्पसमोर माइक चपलेत खोचला तरी खपून जातो. स्वच्छ आवाजाचं काम म्हणजे पांढरा सदरा घालून हिंडणं, लांबूनही डाग दिसतो. कानवाल्यांनी जमीन घुमू नये म्हणून अ‍ॅम्प स्टुलावर चढवला होता. पंखा बंद केला होता. एक दणकट माइक जाळीच्या कापडाला नाक लावून उभा होता. हातभर मागे दुसरा, नाजूक; त्याच्या पोटात धातूची इतकी पातळ फीत की जवळ शिंकायचीही चोरी.

"वाजव पोरी."

तिने वाजवलं. कानवाले पळत ऐकायच्या खोलीत गेले, ऐकलं, मान डोलावली, पळत परत आले.

"जवळचा टोचतोय, काका," कानांवरचा हेडफोन सरकवत ती म्हणाली. "सुईसारखा."

त्यांना तर तो लोण्यासारखा लागला होता.

"मीही तेच म्हणणार होतो."

माइक कडेला सरकवला. आता आवाज उशीखालून येत होता म्हणे. लांबचा एकटा लावला, तो तिला आवडला. जवळचा परत होता तिथे आणून दोन्ही एकत्र लावले, आणि ती ओरडलीच, "अहो काका, पोटच गेलं आवाजाचं! पत्र्याच्या डब्यातून येतोय!" त्यांनी एका माइकचा आवाज उलटा करणारं बटण दाबलं. डबा बदलला, पत्रा तोच राहिला.

ते बसत होते, उठत होते, पळत होते. गुडघे कडकड वाजत होते, आणि ती कडकड मात्र दोन्ही माइक अगदी निर्मळ टिपत होते. बाविसाव्या फेरीला त्यांनी हेडफोन टेबलावर आपटला. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. मग जिन्यापाशी जाऊन खाकरले.

"अगं... टोचतंय म्हणतेय ती."

वर एक पातेलं आदळलं. जाड आवाज होता, म्हणून ऐकू आला.

ते परत आले तेव्हा साडेतीन झाले होते आणि गिटारवाली वायर गुंडाळत होती.

"काका, शेवटचं विचारते. त्या अल्बमच्या वेळी माइक कुठे होते? नेमके?"

आठवत नाही म्हणाले असते तर सुटले असते. पण जिभेला बावीस वर्षांची सवय होती.

"त्या दिवशी मी एकटा होतो," ते अ‍ॅम्पसमोर बसत म्हणाले. "बायको माहेरी. तीन तास इथे पालथा पडून राहिलो, कान जाळीपासून वीतभर. आणि हळूहळू मला आवाज दिसायला लागला. हसू नकोस, दिसायला! आधी पिवळा होता. सरकत सरकत जिथे तो सोनेरी झाला, तिथे मी—"

भिंतीवरच्या छोट्या स्पीकरचा लाल दिवा लागला.

"मी माहेरी नव्हते," स्पीकर म्हणाला.

काचेपलीकडच्या खुर्चीत बायको बसली होती, कानांवर हेडफोन, बोट बोलायच्या बटणावर. दोन्ही माइक चालूच होते. पिवळ्यापासून सोनेरीपर्यंतचा सगळा प्रवास त्यांनी तिला इमानदारीने पोचवला होता.

"याच खुर्चीत होते. आणि तुम्ही पालथे पडला होतात ते झोपायला. साडेचार तास वर दात आवळून ऐकतेय मी हा छळ. आता बोलू नका, सरकवा. जवळचा अ‍ॅम्पमधल्या स्पीकरच्या मधल्या टोपीकडे बघतोय, म्हणून टोचतोय. बाजूला. थोडा. टोपी संपून कागदी पडदा सुरू होतो तिथे. बस. आता लांबचा पुढे घ्या."

"अगं, फीत आहे त्यात—"

"ती पोरगी हळू वाजवतेय, काही होत नाही. जवळच्याच्या शेजारी आणा. अगदी खांद्याला खांदा. एकाने आधी ऐकायचं आणि दुसऱ्याने मागाहून, म्हणून पोट जातंय."

कानवाल्यांनी माइक आणला, खांद्याला खांदा लावला.

गिटारवालीने गुंडाळलेली वायर सोडली आणि एक स्वर छेडला. तो पूर्ण विझेपर्यंत दुसरा वाजवला नाही. मग दुसरा वाजवला, मग गाणंच वाजवत सुटली. कानवाल्यांना तो आवाज सकाळपासून होता तसाच वाटत होता. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथून त्यांना कळलं.

गाणं संपलं तेव्हा चार वाजून गेले होते. तिने पिशवीतून वही काढली.

"काका, अल्बमच्या मागे नावं छापायचीत. माइक कुणी लावले म्हणून लिहू?"

कानवाल्यांनी काचेकडे पाहिलं नाही. स्टँडचा स्क्रू घट्टच होता, तो त्यांनी आणखी घट्ट केला. घसा साफ केला.

"लिही," ते म्हणाले. "आम्ही दोघांनी."

लाल दिवा लागला.

"दोघांनी?"