सळईचा वाटा

रोख बक्षीस कमलेशने बंद पाडले, तेही पुरेशा विचारांती आणि पुराव्यानिशी.

बोईसरच्या ज्या लहानशा मोटरसायकल क्लबाचा तो सभासद होता, त्याची वार्षिक शर्यत भात कापून झाल्यावर मनोरजवळच्या एका मोकळ्या खाचरात भरत असे. भाग घेणारे सगळे हौशी: कारखान्यांतले कामगार, गॅरेजवाले, बागायतदारांची मुले. तारापूरच्या एका रासायनिक कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभाग सांभाळणारा कमलेश त्यांच्यात जरा वेगळा होता. मालावर चिकटवलेल्या लेबलावर विश्वास ठेवायचा नाही, याचाच त्याला पगार मिळत असे. क्लबाच्या बैठकीत त्याने मुद्दा मांडला, की आजवरचे मोठे अपघात बहुतेक शेवटच्या फेरीत झाले आणि पडलेले बहुतेक जण बक्षिसाच्या तोंडाशी होते. नमुना लहान आहे, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितले. त्या नमुन्यात तो स्वतः मोडतो, हे मात्र सांगण्याची गरज नव्हती. तीन वर्षांपूर्वी बांधाकडच्या वळणावर बाहेरून पुढे जाताना तो पडला होता. उजव्या मांडीच्या हाडात तेव्हा बसवलेली स्टीलची सळई अजून तिथेच होती आणि त्याचे लंगडणे साऱ्या क्लबाच्या परिचयाचे होते.

बैठकीत फारसा वाद झाला नाही. या वर्षीपासून विजेत्यांना फक्त ट्रॉफ्या द्यायच्या, असे ठरले.

चूक त्याच्या लक्षात आली ती घरी परतताना. क्लबाला त्याने विचारले होते. आपल्या माणसांना विचारले नव्हते.

त्याची माणसे, म्हणजे शर्यतीतली त्याची टोळी, पालघरजवळच्या माहीमला राहत. मासेमारी करणारे जानूकाका, त्यांची मुलगी तेजल आणि पुतण्या मेहुल. कमलेश पडल्यापासून त्याची गाडी तेजल चालवत होती. टायर, साखळी, ब्रेक मेहुल बघे. शर्यतीच्या दिवशी जानूकाकांच्या मासळीच्या पिकअपमधून गाडी मैदानावर जाई. पहिल्याच वर्षी तेजल तिसरी आली आणि रोख रकमेचे पाकीट तिने न उघडता बापाच्या हातात दिले. जानूकाका तांडेल, म्हणजे बोटीवरचे मुख्य. बोटीच्या मिळकतीचे पाडतात तसे त्यांनी त्या पाकिटाचे वाटे पाडले: एक गाडीचा, एक तेजलचा, एक मेहुलचा, एक पिकअपचा. आणि पाचवा घेऊन ते बोईसरला कमलेशच्या घरी आले. हाड नीट न जुळल्याने पुन्हा शस्त्रक्रिया होऊन तो तेव्हा खाटेवर पडून होता.

"काका, मी काहीच केलेलं नाही. मला कसला वाटा?" तो म्हणाला होता.

"खलाशी तापानं घरी पडला, तर त्याचा वाटा काय आमी समुद्रात टाकतो?" जानूकाका म्हणाले. "जाळं फाटलं तरी जाळ्याचा वाटा निघतोच. उलट तवाच जास्त लागतो."

श्रमाशिवाय मोबदला, हा हिशोब कमलेशला कोणत्याही अंगाने पटला नव्हता. तरी ते पाकीट त्याने घेतले होते, आणि त्या आठवड्यात त्याला पहिल्यांदा नीट झोप लागली होती. या दोन घटनांचा परस्परसंबंध त्याने तपासला नाही. काही नमुने फोडून बघायचे नसतात, एवढे तोही जाणून होता.

आणि आता त्यानेच तो वाटा बंद केला होता.

पुढच्या रविवारी तो माहीमला गेला. अंगणात बोंबील वाळत होते आणि मेहुल गाडीची साखळी रॉकेलने धूत बसला होता. कमलेशने निर्णय सांगितला, त्यामागची कारणे सांगितली. कारणे ओळीने आणि स्पष्ट होती. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर त्यांचा परिणाम शून्य होता.

"म्हणजे कप मिळणार," मेहुल म्हणाला. "बरं हाय. त्यात चहा पिऊ."

"तू आधी साखळी धू," तेजल म्हणाली. ती हसली नाही.

जानूकाका बोंबील उलटे करू लागले. मग म्हणाले, "पैका थोडा होता, कमलेश. त्यानं कुणाचं घर चालत नव्हतं. पण वाटे पडायचे. या कपाचे वाटे कसे पाडायचे, ते तुमच्या मिटिंगीत कुणी सांगितलं का?"

"नाही."

"तू तरी विचारलंस?"

"नाही, काका. मला ते सुचलंच नाही."

"मग बघू," जानूकाका म्हणाले.

'बघू' या शब्दाचा माहीममधला अर्थ हवामानावर अवलंबून असे. तेजलने त्याला चहा दिला, लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली, पण शर्यतीबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. कमलेशनेही आग्रह धरला नाही. आग्रह धरायचा हक्क आपण क्लबाच्या बैठकीतच गमावला, असे त्याचे मत झाले होते. ते तिघे आले नाहीत, तर शर्यतीला एक गाडी कमी पडणार होती. त्याला माणसे कमी पडणार होती.

शर्यतीच्या सकाळी तो सर्वांच्या आधी मनोरला पोहोचला. मैदानाच्या कडेला चादर अंथरलेल्या टेबलावर ट्रॉफ्या मांडून ठेवल्या होत्या. त्यांच्या सोनेरीपणाचे रसायन त्याला माहीत होते: प्लास्टिकवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर आणि त्यावर पिवळट लाखेचा हात. नखाने खरवडला तर निघेल. एकेक गाडी येत गेली, नावे नोंदवली गेली. पिकअपचा पत्ता नव्हता. रस्त्यावर धूळ उठली, की तो मान वर करी आणि दरवेळी कुणी दुसरेच निघे. नोंदणीच्या टेबलावरच्या माणसाने पेनाला टोपण लावले, तेव्हा कमलेशने त्याला, "दोन मिनिटं थांबा," असे म्हटले. आणि आपण निष्पक्ष राहिलेलो नाही, याची मनातल्या मनात नोंद घेतली.

पिकअप आधी वासाने आला, मग दिसला.

"मासळी बाजारात टाकून आलो," जानूकाका उतरता उतरता म्हणाले. "असा बघतोस काय? फळी धर. गाडी काय आपल्या पायानं उतरणार हाय?"

कमलेशने फळी धरली.

शर्यत सुरू झाली. तेजल मधल्या घोळक्यात राहिली, मग हळूहळू वर सरकली. शेवटची फेरी लागली तेव्हा ती तिसरी होती आणि तिच्या जरा पुढे पालघरचा एक मुलगा होता. बांधाच्या वळणावर आतली वाट त्या मुलाने अडवली. बाहेरच्या अंगाला भुसभुशीत माती होती. कमलेश पडला होता ती हीच जागा. तेजलने गाडी तिकडेच घातली. मागचे चाक घसरले, तिने पाय टेकला, गाडी आडवी होते की काय असे वाटत असतानाच पुन्हा सरळ झाली आणि ती दुसऱ्या क्रमांकावर आली. कमलेशचा हात आपसूक मांडीवर गेला होता. तो तिथून हलेपर्यंत शर्यत संपली होती.

तेजलने हेल्मेट काढले. केस घामाने चिकटले होते आणि चेहऱ्यावर, डोळ्यांची जागा सोडून, धुळीचा लेप होता.

"बाहेरून कशाला गेलीस?" त्याने विचारले. आवाज त्याला वाटला होता त्याहून चढा निघाला. "कशासाठी? त्या प्लास्टिकसाठी?"

तेजलला तो प्रश्नच कळला नाही. "पुढं गाडी होती ना, दादा," ती म्हणाली.

पुराव्यानिशी मांडलेले त्याचे अनुमान त्या एका वाक्यात संपले. रोख रक्कम काढून घेतली होती, धोका होता तिथेच होता. तो स्वतः तीन वर्षांपूर्वी बाहेरून का गेला होता, तेही त्याला आता लख्ख आठवले. तेव्हा पाकिटाचा विचारसुद्धा डोक्यात नव्हता. पुढच्या बैठकीत हे सांगावे लागणार होते. सांगायला त्याची हरकत नव्हती. चुकीचे ठरल्याचा इतका आनंद त्याला प्रयोगशाळेत कधी झाला नव्हता.

बक्षीस समारंभ लवकर आटोपला. पिकअपच्या फाळक्यावर ट्रॉफी ठेवून चौघे तिच्याभोवती उभे राहिले. जानूकाकांनी ती उचलून उलटी केली आणि तळाशी बारकाईने पाहिले.

"मेहुल, पाना दे. लहानातला."

तळाच्या मध्यभागी नट होता. तो सुटताच अख्खी ट्रॉफी सैल होऊन त्यांच्या हातात आली: लाकडी बैठक, सोनेरी खांब, कप आणि टोकावरचा प्लास्टिकचा मोटरसायकलस्वार. जानूकाकांनी चारही तुकडे फाळक्यावर ओळीने मांडले आणि बाजारात वाटे मांडताना निवडतात तसे निवडू लागले.

"हा माणूस गाडीचा. हँडलला बांधा. बैठकीवर नंबर लिवलाय, ती तेजलची. खांब पिकअपला. कप मेहुलला, त्याला चहा प्यायचाय."

मेहुलने कप डोळ्यासमोर धरला आणि त्याच्या तळातून आरपार समुद्राच्या दिशेला पाहिले. "काका, याला भोक हाय."

"मग भोकावर बोट ठेवून पी."

तेजल हसायला लागली आणि तिला ठसका लागला. कमलेशही हसला. मग त्याच्या लक्षात आले, की तुकडे चार आहेत. तक्रारीला जागाच नव्हती. तिघे आले होते, एवढे पुरे होते. तो फळी उचलायला वाकला.

"कुठं चाललास?" जानूकाका म्हणाले. त्यांच्या हातात ट्रॉफीच्या तळापासून टोकापर्यंत जाऊन सारे तुकडे जोडून ठेवणारी, आटे पाडलेली सळई होती, खाली नट लटकत असलेली. "हा पाचवा. तुझा."

"याच्या आत एक हायच," मेहुल म्हणाला. "ही जादा म्हणून ठेव. कधी लागली तर डॉक्टरला नेऊन दे."

"मेल्या," तेजल म्हणाली.

कमलेशने सळई घेतली. गॅल्व्हनाइज्ड लोखंड, किंचित वाकडी, स्वस्तातली. अख्ख्या ट्रॉफीत खरा धातू म्हणावा असे तेवढेच होते, पण हे त्याने त्यांना सांगितले नाही. "काका," एवढेच तो म्हणाला, आणि जानूकाकांनी फळीचे दुसरे टोक उचलले.

सोमवारी प्रयोगशाळेत त्याच्या टेबलावर, काचेच्या चंचुपात्रात ती सळई उभी होती. शेजारच्या विभागातल्या स्नेहल मॅडम अहवालावर सही घ्यायला आल्या, तेव्हा त्यांनी ती उचलून उलटसुलट पाहिली.

"हे काय आहे?"

"शर्यतीचं बक्षीस. दुसरा क्रमांक."

"नुसती सळई? बाकीची ट्रॉफी कुठे आहे?"

"माहीमला," कमलेश म्हणाला. "हा माझा वाटा."

त्यांच्या हातून ती घेऊन त्याने परत पात्रात ठेवली, नट घट्ट आहे ना ते पाहिले, आणि मग अहवालावर सही केली.