रंगाखालची खिट्टी

मी एक जुना रहाट आहे, मित्रांनो. विहिरीवरचा नव्हे. विहिरीवरचा रहाट गोड्या पाण्याचा जावई. तो सावलीत बसून नुसता करकरला तरी त्याचे कौतुक होते. मी बोटीवरचा रहाट. बोटीच्या अगदी नाकावर, जिथे पहिली लाट येऊन फुटते, तिथे मला बोल्टांनी आवळून बसवले आहे. नांगर समुद्रात सोडायचा आणि काम झाले की साखळीसकट वर ओढून घ्यायचा, हा माझा धंदा. आता तुम्हीच सांगा, रोज खाऱ्या पाण्याने तोंड धुणारा लोखंडाचा प्राणी किती दिवस टिकेल? लोक म्हणाले होते, फार तर चार-पाच वर्षे. ते लोक आता काठी टेकत धक्क्यावर फिरायला येतात. मी अजून ओढतो आहे.

मला म्हातारा म्हणा, काळा म्हणा, त्याचा मला राग नाही. पण एकदा मला बागेत बसवायचा घाट घातला गेला. कारंज्याशेजारी, चौथऱ्यावर, सोनेरी रंग फासून! तो राग अजून माझ्या पोटातून गेलेला नाही, आणि तीच हकिकत मी तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म एका ओतशाळेत झाला. माझे अंग बिडाचे, साखळी पकडणारे दातेरी चाक पितळेचे आणि मधला आस पोलादाचा. मला जोडणारा कारागीर तोंडाचा फटकळ होता. तो शेजारच्या माणसाला म्हणाला, "तीन धातू एका अंगात म्हणजे तीन जावा एका स्वयंपाकघरात. कोरडं आहे तोवर गोडीगुलाबी. मधे खारं पाणी शिरू दे, मग बघ, एक दुसरीला खाऊन टाकते की नाही!" म्हणून जिथे जिथे धातूला धातू टेकत होता तिथे तिथे त्याने रबराच्या चकत्या घातल्या आणि जाड ग्रीस ठासून भरले. भांडण होणारच, निदान मधे भिंत तरी असू दे, असा त्याचा हिशेब होता.

माझ्या कमरेला एक खिट्टी आहे. करंगळीएवढी. माझा लांब दांडा मागे-पुढे हलवला की चाक फिरते, साखळी वर येते आणि ही खिट्टी चाकाच्या दातात 'खट्' करून पडते. ती पडली म्हणजे वर आलेली साखळी परत खाली जात नाही. जोर माणसाचा आणि वजन नांगराचे, पण सगळा भरवसा त्या खिट्टीवर. लहान आहे म्हणून तिला कोणी हिणवलेले मला खपत नाही.

मला ज्या बोटीवर बसवले ती दादा आणि वहिनींची. सगळे बंदर त्यांना याच नावाने ओळखते. समोरच्या बेटावर थोडी घरे आहेत. त्यांना लागणारे पीठ, औषधे, गॅसच्या टाक्या, टपाल, सगळे आमची बोट नेते. बेटाला धक्का नाही, नुसते खडक आहेत. म्हणून बोट जरा दूर नांगर टाकून उभी राहते आणि बेटावरची माणसे होडक्यातून येऊन सामान उतरवून घेतात. म्हणजे बघा, नांगर नाही तर बेटाला पीठ नाही, आणि मी नाही तर नांगर नाही. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. जे आहे ते सांगतो.

वहिनी सुकाणूवर असायच्या आणि दादा माझ्याजवळ. दादांची एक रीत होती. बंदरात परत आल्यावर स्वतः चहा घेण्याआधी ते मला गोड्या पाण्याने आंघोळ घालत. नुसते वरून शिंपडणे नाही. दांडा हलवत, चाक फिरवत, खिट्टीच्या खाचेतून पाणी आरपार जाईपर्यंत. बोट नांगरावर उभी असली की तिचे ओझे ते माझ्या कमरेवर ठेवत नसत. साखळीला आकडा लावून त्याचा दोर डेकवरच्या खुंटाला बांधत आणि मला मोकळा करत. वर्षातून एकदा मला पूर्ण उघडून, पुसून, नवे ग्रीस भरून पुन्हा जोडत. वहिनी हसून म्हणत, "लग्नात माझी एवढी विचारपूस केली नव्हती हो!" दादा म्हणत, "तू गंजत नाहीस." त्यावर वहिनी काय म्हणायच्या ते लहान मुलांना सांगण्यासारखे नाही.

मग दादांचे गुडघे गेले. डुलत्या बोटीवर उभे राहणे त्यांना जमेना. ते घरी बसले आणि त्यांच्या जागी त्यांचे धाकटे भाऊ आले. वहिनी त्यांना भाऊजी म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणतो. भाऊजींनी सारा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात घालवला होता. मनाने सोन्यासारखा माणूस, पण हातात ब्रश आला की त्याला भान राहत नसे. आल्या आल्या त्यांनी मला बघितले आणि म्हणाले, "अरेरे, काय ही दशा! वहिनी, याला नवरदेव करतो बघा."

आणि केला! मला न धुता, अंगावरच्या मिठासकट, वर अस्तराचा एक हात आणि मग निळ्या रंगाचे दोन हात. कडेने पांढरी वेलबुट्टी. कमरेवर हे एवढे मोठे पिवळे सूर्यफूल, नेमके माझ्या खिट्टीवर. वर प्लॅस्टिकची टोपी घालून ती खालून दोरीने गच्च आवळली, का तर रंग खराब होऊ नये. जखम मांडीला आणि मलम शेंडीला म्हणतात ते हे! रंगाखाली मीठ, मिठाखाली ओल, आणि ती ओल उन्हाने तापून टोपीच्या आत घाम व्हायची आणि पुन्हा माझ्याच अंगावर गळायची. गंजाला याहून चांगला पाहुणचार कोणी केला नसेल.

पण कौतुक? विचारू नका. धक्क्यावर येणारा-जाणारा थांबून म्हणे, "वा, काय चकाचक रहाट!" दादांच्या काळात मी खणखणीत होतो तेव्हा माझ्याकडे कोणी ढुंकून बघितले नव्हते. आता आतून सडत होतो तर माझ्याबरोबर फोटो काढत होते. बडा घर, पोकळ वासा. मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. मी करकरलो, तर भाऊजींनी वरून दोन थेंब तेल सोडले. मी रंगाच्या फटीतून तांबडे पाणी गाळले, तर त्यांनी तो ओघळ निळ्या रंगाने बुजवला. मी तरी आणखी काय करणार? मला तोंड नाही. जे आहे ते अंग आहे, आणि अंगावर सूर्यफूल होते.

खिट्टी रंगाने चिकटून वरच्या वर अडकली होती, ही गोष्ट कोणाच्या लक्षात कशी आली नाही, असे तुम्ही विचाराल. बोट उभी असताना साखळी खुंटाला बांधलेल्या दोरावर असे, तेव्हा खिट्टीची गरजच पडत नसे. आणि निघताना, समुद्र शांत असला की वहिनी इंजिनावर बोट हळूच नांगराच्या डोक्यावर नेत. साखळी सैल पडे. भाऊजी दांडा मारत आणि साखळी मागे सरकू नये म्हणून तिच्यावर बूट दाबून धरत. त्यांना वाटे, असेच असते. सुकाणूवरून वहिनींना त्यांची फक्त पाठ दिसे. दादा घरून विचारत, "रहाट कसा आहे?" आणि दोघेही खरे बोलत, "अगदी छान दिसतोय!"

एके दिवशी दुपारी आम्ही बेटासमोर उभे होतो. सामान उतरले होते, होडके परत गेले होते. तेवढ्यात वारा एकदम फिरला. आतापर्यंत तो बेटाकडून येत होता, आता बेटाकडे वाहू लागला. म्हणजे खडक आमच्या पाठीशी आले. लाटा उभ्या राहिल्या आणि नांगर तळावरून घसरू लागला. तो वर घेऊन तिथून निघणे एवढाच मार्ग होता. वहिनींनी इंजिनाचा सगळा जोर लावून बोट जागेवर धरली. सुकाणू सोडणे त्यांना शक्य नव्हते. सगळे भाऊजींवर आणि माझ्यावर आले.

भाऊजींनी दांडा ओढला. आस मिठाने जखडला होता, तरी मी फिरलो. हातभर साखळी वर आली आणि लगेच खडखडत परत गेली. त्यांनी सवयीने बूट ठेवला. ताठ साखळीने बूट असा हिसडला की ते डेकवर आपटले.

"वहिनी, धरत नाहीये हा! साखळी परत सुटतेय!"

"खिट्टी पडलीय का बघा!"

"कसली खिट्टी?"

मित्रांनो, त्या दोन शब्दांनी मला जेवढे दुखवले तेवढे सगळ्या समुद्राने दुखवले नाही.

वहिनी गळ्याच्या शिरा ताणून ओरडल्या, "अहो, तुमच्या त्या सूर्यफुलाखाली आहे! फोडा ते!"

भाऊजींच्या खिशात रंग खरवडायची पत्री कायम असे. ते गुडघ्यांवर बसले. अंगावर लाट आली, ते भिजले, हलले नाहीत. आपल्या हाताने काढलेले फूल त्यांनी पाकळी पाकळी करून खरवडून काढले. खाली तांबड्या भुकटीत माझी खिट्टी अडकलेली होती. त्यांनी पत्रीचे टोक घालून तिला हलवले, पत्रीच्या मुठीने ठोकले, पुन्हा हलवले. खडक इतके जवळ आले होते की त्यांच्यावर चिकटलेले शिंपले मोजता आले असते.

खट्!

तो आवाज ऐकला आणि माझ्या अंगात बळ आले. माझी उपेक्षा झाली होती, अपमान झाला होता, सगळे खरे. पण पकडलेले सोडायचे नाही एवढे मला ओतशाळेपासून ठाऊक आहे. भाऊजी रडत होते आणि दांडा मारत होते. माझ्या चाकाचा एक दात तुटून उडाला. उरलेल्यांनी धरून ठेवले. चिखलाने माखलेला नांगर वर आला, वहिनींनी बोट वळवली आणि आम्ही खडकांच्या तोंडातून बाहेर पडलो.

ही बातमी बंदरभर झाली. दुसऱ्या दिवशी बंदराचे साहेब बोटीवर आले. "हा रहाट म्हणजे आपल्या बंदराची शान," ते म्हणाले. "याला आम्ही बागेत बसवतो. चौथरा, कारंजं, वर सोनेरी रंग. आता याला विश्रांती द्या. बोटीला मोटरवाला नवीन बसवा." मी विश्रांती मागितली होती का? कोणाकडे अर्ज केला होता? बरे, मोटरवाला देखणा असतो, नाही म्हणत नाही. पण वहिनी म्हणाल्या तेच खरे, "बॅटरी बसली की तो बोटीवरचा पाहुणा." तरी त्यांनी साहेबांना नकार दिला नाही. माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, "मला शोभा नको, भरवसा हवा. उघडून बघू. आस खाल्लेला निघाला, तर घेऊन जा."

त्यांचे काही चुकले नाही. त्यांना रोज त्या खडकांसमोर उभे राहायचे होते.

मला काढून दादांच्या अंगणात नेले. दादा खुर्चीत बसले, भाऊजी जमिनीवर. गंज विरघळवणारे तेल मुरवत, बोल्ट शेगडीवर तापवलेल्या सळईने शेकत, एकेक भाग सुटा होऊ लागला. दादा एकदाच बोलले, "रंगवण्याआधी धुवायचं असतं रे." भाऊजी मान खाली घालून म्हणाले, "पाटी धुवूनच रंगवायचो, दादा. हे लोखंड म्हणून सोडलं." रंग खरवडताना निळ्या पापुद्र्यांखालून अजून ओले मीठ निघत होते. माझ्या अंगाला खड्डे पडले होते. दोन बोल्ट भुगा झाले होते.

शेवटी आस राहिला. तो आत आवळून बसला होता. भाऊजी ठोकत होते, वहिनी दारात उभ्या होत्या, आणि मी, खोटे कशाला सांगू, घाबरलो होतो. आस बाहेर आला. दादांनी तो फडक्याने पुसून त्यावरून बोट फिरवले. दोन्ही टोके खाल्लेली होती, पण मधला भाग, जिथे खरे ओझे पडते, तिथे जुने ग्रीस काळ्या खळीसारखे चिकटून होते आणि त्याखाली पोलाद कोरे होते.

"हा अजून आपल्याला पुरून उरेल," दादा म्हणाले.

तुटलेला दात भरून आणला, चकत्या नव्या घातल्या. साहेब चौथऱ्याचे माप घेऊन आले तेव्हा भाऊजी कोपरापर्यंत ग्रीसने माखलेले होते. ते उठून उभे राहिले. "साहेब, बागेसाठी याचं चित्र मी काढून देतो. हवं तेवढं सोनेरी. हा मात्र मिळणार नाही. हा कामावर आहे."

आज माझे चित्र बागेत झळकते आहे. मी त्यात फार राजबिंडा दिसतो म्हणे. इथे मी डागाळलेला, ग्रीसने काळा, एका नव्या आणि बाकीच्या जुन्या दातांचा. नवी टोपी कापडी आहे, खालून वारा लागेल अशी सैल, आणि ती घालायच्या आधी भाऊजी मला खिट्टीपर्यंत धुतात. स्तुती चित्राची होते, मला काही फरक पडत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी ना कोणी राबत असेल. सायकल असेल, पंप असेल, शिलाई मशीन असेल. त्यांना नटवू नका. त्यांच्यावर रोज जे बसते ते रोज काढा, अधूनमधून उघडून आत बघा, आणि ती करकरली तर वरून तेल सोडून गप्प करू नका, काय म्हणतात ते ऐका. जुनी झाली म्हणून त्यांना शोभेला बसवायचे असेल, तर आधी त्यांना विचारा. उत्तर मी आत्ताच सांगून ठेवतो: नाही!

चला, वहिनींनी इंजिन सुरू केले. खाली नांगर चिखलात रुतून बसला आहे आणि वर येणार नाही म्हणतो. कसा येत नाही ते बघतोच.